शिंजिराने कपडे बदलले, तुम्ही जागा बदलू नका

वाचक भगिनीचं पत्र, थोडक्यात: "मी साताऱ्यात राहते. दोन वर्षांपूर्वी शाळेतून निवृत्त झाले, तेव्हा मुलाने कॅमेरा आणि 70-300 ची लेन्स दिली. घरामागे जेमतेम दोन गुंठ्यांचं परस आहे. त्यात कडुलिंब, शेवगा, कढीपत्ता, लिंबू आणि अंजीर. कुंपणापलीकडे पांगारा. सासूबाई दीड वर्षापासून अंथरुणावर आहेत, त्यामुळे तासाभराच्या वर घर सोडता येत नाही. ग्रुपमधली मंडळी भरतपूर, ताडोबा करून येतात. माझे परसातले फोटो काळे नाहीतर पुसट येतात, म्हणून मी ते कुणाला दाखवत नाही. दोन गोष्टी मनातून जात नाहीत. उन्हाळ्यात शेवग्यावर यायचा तो काळा शिंजीर पक्षी दिसेनासा झाला, आता गळ्यावर काळी रेघ असलेला पिवळाच कुणीतरी येतो. आणि आषाढात अंजिराच्या पानात शिंपी पक्ष्याचं घरटं होतं. पुतण्याने फोटोसाठी एक पान दोऱ्याने बाजूला बांधलं. दुसऱ्या दिवशी घरटं रिकामं. हे आमच्यामुळे झालं का? आणि एवढ्याशा परसात फोटो काढण्याला काही अर्थ आहे का, की कॅमेरा मुलाला परत देऊन टाकू?"

प्रिय ताई,

कॅमेरा परत देऊ नका. आधी त्या शिंजिराचं सांगते, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ तीच आहे आणि तुम्ही ती सहज लिहून पुढे गेलात.

तो पिवळा पक्षी जांभळा शिंजीरच आहे, आणि नर आहे. विणीच्या दिवसांत नर सावलीत कोळशासारखा काळा दिसतो आणि ऊन पडलं की जांभळा-निळा चमकतो. वीण आटोपली की पावसाळ्याच्या शेवटाकडे तो ही पिसं टाकतो आणि बराचसा मादीसारखा दिसायला लागतो. पाठ मातकट हिरवट, पोट पिवळं. मादीत नसलेली ठळक खूण म्हणजे हनुवटीपासून पोटाकडे उतरलेली काळी पट्टी. तुम्ही पाहिलीत ती हीच. उन्हाळ्यातलाच हा, असं पायात ओळखीची कडी नसताना छातीठोकपणे म्हणता येणार नाही, पण जात तीच. आता मार्गशीर्ष-पौषात त्याच्याकडे रोज बघा. पिवळ्यात काळे ठिपके उमटतील, मग ठिगळं दिसायला लागतील. काही दिवस तो विटक्या गोधडीसारखा दिसेल, आणि पांगारा फुलेपर्यंत पुन्हा काळाभोर होऊन बसेल.

भरतपूरला तीन दिवस जाऊन आलेल्या माणसाला हे दिसत नाही. त्याला पक्षी एका पोशाखात भेटतो आणि त्याच पोशाखात त्याच्या फोटोत राहतो. सगळा फेरा बघायला वर्षभर एकाच खिडकीशी असणारं माणूस लागतं. ती खिडकी तुमच्या वाट्याला आली आहे. तुम्हाला बरं वाटावं म्हणून हे लिहीत नाही. घरात अंथरुणावर माणूस असलं की दिवस कसा तुकड्यातुकड्यांत जातो ते मला माहीत आहे. माझ्या आईची अशी तीन वर्षं गेली, आणि माझे सगळ्यात चांगले फोटो त्याच तीन वर्षांतले आहेत.

आता घरट्याचं. हो ताई, बहुतेक त्यामुळेच झालं. शिंपी पानं शिवतो ती काही शोभेसाठी नाही. पानाच्या कडेला चोचीने भोकं पाडून त्यातून कापूस, कोळ्याचं जाळं ओवून तो जो द्रोण करतो, त्यात पिल्लांवर सावली राहते आणि वरून पाहणाऱ्याला फक्त पान दिसतं. एक पान बाजूला झालं की आतलं सगळं उघडं पडतं. कावळ्याला, भारद्वाजाला, मांजराला तेवढं पुरतं. माणूस वारंवार एकाच जागी डोकावतो हेही कावळा वरून बघत असतो.

मला हे ठाऊक आहे, कारण मी स्वतः हेच केलं आहे. वीस वर्षांपूर्वी आमच्या तगरीत बुलबुलाचं घरटं होतं. फोटोच्या आड एक फांदी येत होती, बोटाएवढी. मी ती कापली. फोटो सुंदर आला, तीन पिल्लं, तिन्ही चोची उघड्या. दुपारी ऊन थेट घरट्यावर आलं. आई-बाप पंख पसरून पिल्लांवर सावली धरून बसले, त्यामुळे चारा आणणं थांबलं. संध्याकाळी दोन पिल्लं उरली होती आणि दुसऱ्या दिवशी एकही नाही. तो फोटो मी अजून ठेवला आहे, पण कधी कुणाला दाखवला नाही.

पुतण्याला रागावू नका, पण नीट बसवून सांगा. घरट्याला, आजूबाजूच्या पानाला, फांदीला हात लावायचा नाही. चोचीत अळी धरलेला पक्षी घरट्यात न जाता जवळच्या फांदीवर बसून चिडचिड करत असेल, तर आपण फार जवळ आहोत. तिथून लगेच मागे व्हायचं. पिल्लांच्या दिवसांत फ्लॅश नको, आणि मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बोलवायचं तर मुळीच नको. त्याला वाटतं हद्दीत दुसरा नर शिरला, आणि पिल्लं सोडून तो भांडायला येतो. मुलगा कायद्याच्या भाषेने ऐकणारा असेल तर हेही सांगा की 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणंही येतं. आणि त्याच्या मनावरचं ओझं थोडं उतरावं म्हणून सांगा, की शिंपी घरटं मोडलं तर पुष्कळदा त्याच हंगामात दुसरं शिवायला घेतो. पुढच्या आषाढात तुमच्याच परसात "टुविट टुविट" ऐकू आलं तर पुतण्याला खिडकीतून बघायला बोलवा.

फोटो काळे-पुसट येतात त्याचं उत्तर सोपं आहे. कॅमेरा ऑटोवर असेल तर झाडाच्या सावलीत तो शटर हळू करतो, आणि लेन्स 300 पर्यंत ताणली की हात थोडा जरी हलला तरी चित्र फराटतं. वरच्या चकतीवर एस (S) असं अक्षर असेल, काही कंपन्यांच्या कॅमेऱ्यात टीव्ही (Tv) असतं. त्यावर ठेवा आणि शटरचा वेग 1/500 सेकंद द्या. शिंजिरासाठी 1/1000, कारण तो फुलावर क्षणभरही स्थिर नसतो. आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील असावा तो आकडा, ऑटोवर ठेवून वरची मर्यादा 3200 करा. थोडे दाणे दिसतील, दिसू देत, हललेल्या फोटोपेक्षा बरे. फोकसचा एकच ठिपका निवडा आणि तो डोळ्यावर धरा. डोळा स्वच्छ आला तर शेपटी पुसट असली तरी चालते.

काळेपणाचं कारण वेगळं. आभाळाच्या पार्श्वभूमीवर बसलेला कोतवाल किंवा शिंजीर टिपताना कॅमेरा आभाळाचा उजेड मोजतो आणि पक्षी डांबरासारखा येतो. अधिक-उणेचं जे बटण असतं, त्याने अधिक एक करा. गडद झाडीसमोरच्या पांढऱ्या बगळ्याला उलट, उणे एक. शक्यतो सूर्य तुमच्या पाठीशी असू द्या. शिंजिराचा जांभळा रंग पिसातल्या रंगद्रव्याचा नसतो, पिसाच्या घडणीवर उजेड पडून परतला की तो दिसतो. म्हणून एकच पक्षी मान वळवताच काळ्याचा निळा होतो. तुमचं परस कुठल्या दिशेला आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण सकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान उजेड कुठून येतो हे चार दिवस नुसतं बघा, कॅमेरा न घेता.

आणि परसात उतरू नका, स्वयंपाकघराच्या खिडकीतूनच काढा. पक्षी माणसाच्या आकृतीला बिचकतात. खिडकीच्या गजांना एखादी जुनी, गडद रंगाची साडी आतून बांधा आणि लेन्सपुरती फट ठेवा. आतला दिवा बंद. काच उघडता येत नसेल तर लेन्स काचेला अगदी टेकवा, म्हणजे प्रतिबिंब येत नाही. शेजारी भाजी निवडत बसा. आठ-दहा दिवसांत बुलबुलाला त्या साडीचं काही वाटेनासं होतं.

आता मुख्य काम. तुम्ही एक झाड धरा. माझं मत विचाराल तर कडुलिंब धरा.

गच्चीच्या कठड्यावर किंवा मागच्या ओट्यावर रंगाने एक खूण करा. तिथे उभं राहून, मोबाइलने, झूम न करता, पूर्ण झाडाचा एक फोटो. दर एकादशीला, सकाळी आठ वाजता. एकादशी अशासाठी की घरात ती कुणाला तरी आठवतेच, कॅलेंडरवर छापलेली असते, आणि पंधरवड्याचं अंतर झाडाला अगदी बरोबर बसतं. वर्षाचे चोवीस फोटो होतील. आभाळ असो, पाऊस असो, फोटो देखणा यायला हवा असं काही नाही. तीच जागा, तीच चौकट, तीच वेळ. फाइलला तारीख आणि तिथी दोन्ही नावं द्या.

कडुलिंबाची खरी गंमत फाल्गुनात आहे. आमलकी एकादशीच्या फोटोत झाड पिवळट, विरळ दिसेल, आणि बुंध्याशी पानांचा सडा. दारातून झाडून झाडून तुम्ही कंटाळाल. होळीच्या सुमारास काही फांद्या अगदी उघड्या पडतात. मग पापमोचनी एकादशीला त्याच फांद्यांच्या टोकांना तांबूस, लवलवती पालवी, उन्हाकडे धरली तर आरपार उजेड जाईल इतकी कोवळी. चार-पाच दिवसांनी पाडवा, ती पालवी गूळ-जिऱ्याबरोबर तुमच्या ताटात. कामदा एकादशीला झाड पोपटी, आणि बारीक पांढऱ्या फुलांचा गोडसर वास परसभर. होळी ते पाडवा एवढेच पंधरा दिवस मध्ये असतात. ही तीन चित्रं शेजारी-शेजारी ठेवून बघा. मी पहिल्यांदा ठेवली तेव्हा माझ्याच दारातलं झाड मी इतकी वर्षं पाहिलंच नव्हतं असं वाटलं. कुठल्या वर्षी पालवी आठवडाभर लवकर येते, कुठल्या वर्षी उशिरा. हे तुमच्या चोवीस फोटोंत आपोआप नोंदलं जाईल. देशभर अशा ठरावीक झाडांच्या पानाफुलाफळांची आठवड्याला नोंद ठेवणारा सीझनवॉच नावाचा उपक्रम आहे, त्यात तुमचा कडुलिंब घालता येईल. तुम्ही शिक्षिका आहात, शाळेतल्या मुलांना हे कसं लावायचं ते मी तुम्हाला सांगायला नको.

पांगाऱ्याचं मात्र थोडक्यात. पानं झडलेल्या फांद्यांवर लाल फुलं आली की साळुंक्या, बुलबुल, कोतवाल, कावळे आणि नशीब असेल तर भोरड्यांचा थवा, सगळे मधासाठी येतात. तिथे लेन्स वापरा. पाठीमागे शेजाऱ्यांचा पत्रा येत असेल तर दोन पावलं सरका; माझ्या अनुभवात फोटो बिघडण्याचं निम्मं कारण हा मागचा पसारा असतो.

हिवाळ्यात, म्हणजे आत्ताच, कुंपणाच्या भिंतीवर नजर ठेवा. चिमणीएवढा, काळा, पोटाशी आणि शेपटीत विटकरी रंगाचा, सतत शेपूट थरथरवणारा पक्षी दिसला तर तो थिरथिरा. हिमालयापलीकडून येतो आणि उन्हाळा लागला की परत जातो. माणसाला फार भीत नाही, बसतोही कमी उंचीवर, म्हणून शिकाऊ हातासाठी हा उत्तम. मादी साधी तपकिरी असते, पण शेपटीची थरथर तीच. फेब्रुवारीत चार दिवस ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट असतो. निदान पंधरा मिनिटं एका जागी बसून दिसतील ते पक्षी मोजायचे आणि नोंदवायचे, एवढंच. सासूबाईंच्या दोन औषधांच्या मध्ये सहज होईल.

कढीपत्त्याबद्दल मात्र मला सविस्तर लिहायचं आहे, कारण तुमच्या परसातली सगळ्यात मोठी घडामोड तिथे होते आणि त्यासाठी ती महागाची लेन्स लागतही नाही. मोबाइल पुरतो.

पावसाळ्यात कढीपत्त्याच्या किंवा लिंबाच्या पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखं काही दिसलं, तर पुसून टाकू नका. नीट बघा. काळपट-तपकिरी, मध्ये पांढरा डाग, ओलसर चमक. ती अळी आहे. शीट समजून पक्षी तिला सोडून देतात. चार वेळा कात टाकल्यावर तीच अळी एकदम हिरवी होते, पानाच्या रंगाची, आणि पुढच्या फुगीर भागावर डोळ्यांसारखे दोन ठिपके. काडीने हलकेच स्पर्श झाला तर डोक्यामागून नारिंगी, दुभंगलेलं शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. एकदा पुरे, पुन्हा पुन्हा तिला त्रास देऊ नका. मग एके दिवशी ती खाणं थांबवते, फांदीला शेपटाकडून चिकटते आणि कमरेभोवती रेशमाचा एकच धागा घेऊन मागे रेलून बसते, नारळाच्या झाडावर दोर बांधून टेकलेल्या पाडेकऱ्यासारखी. कोष हिरव्या पानांत हिरवा, सुक्या काटकीवर तपकिरी. फुलपाखरू निघायच्या आदल्या रात्री कोष गडद होतो आणि आतल्या पंखांची नक्षी बाहेरून दिसते. ती दिसली की दुसऱ्या दिवशी पहाटे गजर लावा, चहा बरोबर घ्या, आणि सासूबाई उठायच्या आत तिथे जाऊन बसा. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत साधारण महिनाभराचं काम.

ही बहुतेक लिंबाची काळी-पिवळी फुलपाखरं असतील, किंवा काळी, पांढऱ्या पट्ट्याची. काळ्या पंखांवर निळी झळाळी असलेलं मोठं फुलपाखरू निघालं तर तो नीलवंत. 2015 मध्ये महाराष्ट्राने त्याला राज्य फुलपाखराचा मान दिला, आणि असा मान देणारं आपलं पहिलं राज्य. एवढ्यासाठी कढीपत्त्यावर औषध मारू नका. चार फांद्या अळ्यांच्या, बाकी फोडणीच्या.

शेवग्यावर पावसात येणाऱ्या केसाळ अळ्यांना मात्र हात लावू नका, अंगाला खाज सुटते. दिवसा त्या बुंध्यावर घोळक्याने बसतात. लांबून फोटो छान येतो. त्याच दिवसांत कुंपणावर सरड्याचा नर डोकं आणि गळा लाल करून बसतो, दंड काढल्यासारखा वर-खाली होतो. आणि मृगाच्या पहिल्या पावसानंतर जमिनीवर मखमलीसारखे लाल किडे निघतात, ते टिपायचे तर पोटावर झोपावं लागेल. पाठ साथ देत असेल तरच.

पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागते, आणि साताऱ्यातली हवा त्या दिवसांत तिला फार मानवते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून लेन्स ठेवा. दाण्यांचा रंग बदलला की ते ओले झाले. स्वयंपाकात पुन्हा वापरणार नाही अशा जुन्या भांड्यात मंद तापवून सुकवा. तांदळात ठेवू नका, त्याची पूड लेन्सच्या फटींत जाते. आणि आठवड्यातून एकदा लेन्स बाहेर काढून वापरा. पडून राहिलेल्या लेन्सवर बुरशी लवकर धरते.

शेवटचं सासूबाईंबद्दल. त्यांची खाट कुठल्या भिंतीला आहे? शक्य असेल तर ती परसाच्या खिडकीकडे तोंड येईल अशी फिरवा. खिडकीसमोर, त्यांना पडल्या-पडल्या दिसेल अशा उंचीवर, मातीचं एक पसरट भांडं ठेवा. पाणी दीड इंचाहून खोल नको, मध्ये एक दगड, शेजारी बसायला एक वाळकी फांदी. जवळ मांजराला दबा धरता येईल असं झुडूप नको. पाणी रोज बदलायचं, नाहीतर डास. उन्हाळ्यात तिथे दुपारभर जत्रा असते. माझी आई शेवटच्या वर्षात फारशी बोलत नव्हती, पण भांड्यावर दयाळ आला की उशीवर दोन बोटं आपटायची. मी ओट्याशी असायचे. हात पुसून कॅमेरा उचलेपर्यंत तो पाणी पिऊन, एकदा अंग ओलं करून, शेपूट वर करून बसलेला असायचा. त्या दोन बोटांमुळे मला जितके फोटो मिळाले तितके माझ्या स्वतःच्या डोळ्यांनी मिळाले नाहीत. तुमच्या सासूबाईंनी त्या झाडांना तुमच्याहून जास्त वर्षं पाहिलं आहे. पांगाऱ्यावर पूर्वी काय यायचं, कडुलिंब कुणी लावला, विचारा. जी नावं त्या घेतील ती तशीच लिहून ठेवा, पुस्तकात नसली तरी.

उत्पत्ती एकादशी जवळ आली आहे. गच्चीवर खूण करून ठेवा आणि पहिला फोटो त्या दिवशी काढा. आणि पौषात शिंजिराच्या पिवळ्या छातीवर नवं काळं पीस दिसलं, की तो फोटो कसाही आलेला असो, मला पाठवा.

तुमची,
सदर लेखिका